पाण्यात कोण उतरलं

३ मे, शुक्रवार

सहल ठरली. लेकीचा दुकानात फोन आला. चिंगी पाच वर्षांची झाली, आता तिला ते तळं दाखवू या, सकाळी निघून संध्याकाळी परत. मी लगेच हो म्हणालो. मध्ये दोन मिनिटं गेली, पण ती कॅलेंडर बघण्यात. तारीख १९, रविवार. जावई कामासाठी बाहेरगावी आहेत, त्यामुळे गाडी लेक चालवणार आणि नियोजन माझ्याकडे. ते बरंच झालं.

तळं म्हणजे पलीकडचा काठ दिसत नाही एवढं तळं. अलीकडे वाळू, वाळूवर आरामखुर्च्या, मागे छोटंसं गाव. पंचवीस वर्षांपूर्वी तिथे लेक बुडता बुडता वाचली. तेव्हा ती आताच्या चिंगीएवढीच होती. मी पाण्यात उडी घेऊन तिला बाहेर काढलं. हे मी सांगतोय असं नाही, तिथल्या पेपरात फोटोसकट छापून आलं होतं. ते कात्रण फ्रेम करून चष्म्याच्या दुकानात लावलंय, अक्षरांच्या तक्त्याशेजारी. जवळचा चष्मा करायला आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी तेच वाचायला देतो. टाइप बारीक आहे, नंबर अचूक निघतो. 'प्रसंगावधानी पित्याने पोटच्या पोरीला' इथपर्यंत आलं की मी काच बदलतो.

संकल्प : रोज सकाळी चालणे. पोट आत घेणे. पोहण्याचा सराव. म्हणजे सरावाची गरज आहे असं नाही, मध्ये बरीच वर्षं पाण्याशी संबंध आला नाही एवढंच.

५ मे, रविवार

हिला सहलीचं सांगितलं. ही चादरीच्या घड्या घालत होती. घातलेली घडी मोडली आणि परत घातली. मग म्हणाली, जाऊबाईंनाही विचारते. म्हणजे वहिनींना. दादाला जाऊन सहा वर्षं झाली, वहिनी एकट्याच असतात, माझी हरकत असायचं कारण नाही. फक्त म्हणालो की वहिनींना गाडी लागते ना. ही म्हणाली, कधीच लागत नव्हती.

संध्याकाळी चिंगीला व्हिडिओ कॉलवर सगळी हकीकत सांगितली. चिंगीने विचारलं, आजोबा, चष्मा घालून उडी मारलीस का. म्हटलं, नाही, काढून ठेवला होता. मग आई दिसली कशी, म्हणाली. माझा नंबर मायनस सात आहे हे तिला कोणी सांगितलं देव जाणे. मी म्हणालो, बापाला दिसतं. उत्तर झकास जमलं. मागे लेक उभी होती, ती हसली नाही. तिकडे रेंज कमी असावी.

चालणे : उद्यापासून.

८ मे, बुधवार

दुकानातला एसी गळतोय.

कळलं ते असं. दुपारी एक शाळेतल्या बाई कात्रण वाचत होत्या. समोरच्या आरशात त्यांच्या मागे एक माणूस उभा दिसला. शर्ट भिजून अंगाला चिकटलेला, केसांतून पाणी गळतंय. मी आपलं सवयीने म्हटलं, बसा, पाच मिनिटं. बाई म्हणाल्या, मी बसलेच आहे की. मागे वळलो तर कोणी नाही. लादीवर मात्र ओंजळभर पाणी.

एसीवाल्याला बोलावलं. त्याने एसीला हात लावला आणि म्हणाला, साहेब, हा सकाळपासून बंदच आहे, आत टिपूस नाही. हल्ली लोकांना कामात रस उरलेला नाही.

तो माणूस ओळखीचा वाटला. पण पस्तीस वर्षं लोकांच्या नाकावर चष्मे बसवल्यावर सगळेच ओळखीचे वाटायला लागतात.

११ मे, शनिवार

पोहण्याच्या तलावावर जाऊन आलो. पाण्यात उतरलो नाही, कारण टोपी सक्तीची आहे आणि ते आधी कोणी सांगितलं नव्हतं. काठावरच्या बाकावर तासभर बसून लोकांचे हातपाय नीट पाहिले. अर्धं पोहणं निरीक्षणात असतं.

बाकावर शेजारी कोणीतरी येऊन बसलं होतं. उठून गेल्यावर बाक ओला. पोहण्याच्या तलावावर बाक ओला असणारच. मला फक्त एक खटकलं. सगळे पोहायच्या चड्डीत आणि हा एकटा फुल पॅन्ट-शर्टात. भर उन्हात त्याचे दात वाजत होते. नियमात बसत नाही, सुरक्षारक्षकाला सांगायला हवं होतं. पण म्हटलं, कशाला नसत्या भानगडीत पडा.

टोपी घेणे.

१४ मे, मंगळवार

स्वतःचे डोळे स्वतः तपासले. पाव नंबर वाढलाय. सगळा उलगडा झाला. उगाच मनाला लावून घेत होतो. दुपारी नव्या काचा बसवल्या.

५.१० वाजता : जिन्यात पुन्हा. नव्या काचांतून जास्त स्पष्ट दिसला. दुसऱ्या पायरीवर उभा, हात पुढे केलेला, काहीतरी मागतोय तसा. दादाने कधी कोणाकडे हात पुढे केला नाही, त्याला सवयच नव्हती

जिन्यात उजेड फार कमी आहे. बल्ब बदलणे.

१८ मे, शनिवार

उद्याचा कार्यक्रम टाइप करून लॅमिनेट केला. प्रत्येकाला एक प्रत. ६.३० प्रस्थान. ८.४५ आगमन. ९ ते ९.२० प्रसंगस्थळ व माहिती (मी). ९.२० पोहणे (मी, इतरांनी इच्छेप्रमाणे). ही म्हणाली, लॅमिनेशन कशाला. म्हटलं, पाण्याचं ठिकाण आहे.

चालणं या आठवड्यात जमलं नाही. टोपी मिळाली, पण घट्ट होते.

सकाळी वहिनींचा फोन. त्यांनी एवढंच विचारलं की टॉवेल किती घेताय. सहा, म्हणालो. आपण तर पाचच जण, म्हणाल्या. मी म्हणालो, एक जास्तीचा असलेला बरा. मग इतका वेळ काही ऐकूच येईना की मी दोनदा हॅलो हॅलो केलं. शेवटी म्हणाल्या, हो, असलेला बरा.

जास्तीचा कोणासाठी घेतला ते आता आठवत नाही.

१९ मे, रविवार

६.३० तयार. मी एकटाच.

७.४० चिंगीचा एक बूट सापडत नाही.

९.०५ निघालो. कार्यक्रम दोन तास पस्तीस मिनिटं मागे. विश्रांती कापून भरून काढू.

९.५० मागे ही, वहिनी आणि मध्ये चिंगी. चिंगी म्हणते, इथे ओलं आहे आणि मला जागा पुरत नाही. लेकीने गाडी बाजूला घेतली. पाण्याची बाटली तपासली, झाकण घट्ट. वहिनींनी सीटवरून हात फिरवला. चिंगीला खिडकीशी सरकवलं आणि स्वतः त्या ओल्यात बसल्या.

११.४५ पोचलो. गावात एकच सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकच्या बादल्या आणि हवा भरून पोहायची रबरी चक्रं टांगलेली दुकानं. एक हॉटेल बंद पडलंय, पडदे अजून आहेत. पूर्वी खुर्च्या पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाच्या होत्या, आता पांढऱ्या प्लॅस्टिकच्या. पाणी राखाडी. लाटा नाहीतच, पाणी नुसतं वाळू चाटत राहतं. ऐकत बसलं तर कोणी हळू श्वास घेतंय असं वाटतं. ऐकत बसलो नाही.

१२.१० प्रसंगस्थळ. मी धक्क्याच्या उजवीकडे हात करून माहिती सांगायला सुरुवात केली. वहिनी चपला काढत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, डावीकडे, त्या खांबापाशी. मी म्हणालो, वहिनी, तुम्ही तेव्हा आइस्क्रीम आणायला गेला होतात. त्यांनी चपला एकीत एक घालून पिशवीत ठेवल्या.

१२.४० सँडविच, उकडलेली अंडी. खाल्ल्यावर दोन तास पाण्यात उतरू नये, तब्येतीला वाईट. ९.२० चा कार्यक्रम पुढे ढकलला.

२.४५ चिंगी पाठ सोडत नाही. दाखव म्हणते. पॅन्ट दुमडली.

संध्याकाळी ७.४५, घरी : थोडक्यात लिहितो, दमलोय. चिंगी हवेच्या चक्रात बसून पाण्यात खेळत होती. वारा काठाकडून आत वाहत होता. चक्र जरा आत सरकलं. मी पाण्यात होतोच. वहिनींनी आणि मी मिळून तिला बाहेर काढलं. लोक जमले. एका बाईंनी माझा हात धरून सांगितलं, आजोबा, तुम्ही होतात म्हणून. सगळे सुखरूप. सहल एकंदरीत यशस्वी. टॉवेल पुरले.

२० मे, सोमवार, सकाळी ६

वर जे लिहिलंय ते खोडायला पेन घेतलं होतं. खोडत नाही. राहू दे, तेही दिसलेलं बरं. खाली खरं लिहितो. ही माझीच वही आहे, वाचणारा मीच.

मी गुडघाभर पाण्यात उभा होतो. चक्र माझ्या अगदी हाताशी आलं होतं. चिंगी हसत होती, तिने माझ्याकडे हातही केला. पण तिच्या पलीकडे, कंबरभर पाण्यात, दादा उभा होता. तोच शर्ट, तसाच चिकटलेला. दात वाजत होते ते मला ऐकू येत होते. रागाने बघत असता तर काही वाटलं नसतं. तो नुसता थांबला होता, बस यायची वाट बघत थांबतात तसा.

मला पाऊल उचलता आलं नाही. हातही वर झाला नाही. चक्र माझ्यासमोरून गेलं. वीसेक हात आत गेल्यावर चिंगी हसायची थांबली आणि तिने आईला हाक मारली. लेक गाडीतून चटई आणायला गेली होती. काठावरून ही माझं नाव घेऊन ओरडत होती. आमच्या लग्नाला तेहेतीस वर्षं झाली, तिने माझं नाव घेतलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

तेवढ्यात मला बाजूला सारून कोणीतरी पुढे गेलं. वहिनी. अंगावरच्या कपड्यांनिशी. चौसष्ट वर्षांच्या आहेत. दादाने त्यांना पोहायला शिकवलं होतं, हे मला माहीतच नव्हतं. घाई नाही, धडपड नाही, लांब लांब हात टाकत गेल्या. दादा उभा होता त्याच्या अगदी जवळून गेल्या. त्या पुढे गेल्यावर बघतो तर तिथे नुसतं पाणी.

एका हाताने चक्र ओढत त्या परत आल्या. चिंगी खोकत होती, रडत होती, पण ठीक होती. लोक जमले. त्या बाईंनी माझी भिजलेली पॅन्ट पाहिली आणि माझा हात धरला. मी तोंड उघडलं. नाही म्हणायलाच उघडलं होतं. पण म्हणालो, "हो, थोडक्यात निभावलं."

लेक धावत आली होती. ती माझ्या पायांकडे बघत होती. गुडघ्यापर्यंत ओला आणि वर कोरडा ठणठणीत.

वहिनी वाळूत बसून कुडकुडत होत्या. सगळे टॉवेल माझ्या खांद्यावर. मला ते द्यायचं सुचलं नाही. लेकीने येऊन एकेक काढून घेतले. चिंगीला गुंडाळलं, वहिनींना गुंडाळलं. मग आजूबाजूची माणसं पांगल्यावर वहिनी माझ्याशी बोलल्या, अगदी हळू, इतरांना ऐकू जाऊ नये म्हणून.

"भावजी, त्या दिवशी ह्यांनी तुमच्याकडे टॉवेल मागितला होता. तुम्ही फोटोला उभे होतात. घरी येईपर्यंत ते एवढंच म्हणत होते, निदान टॉवेल तरी द्यायचा."

आता तेही लिहून टाकतो. पंचवीस वर्षांपूर्वी मी खुर्चीत होतो. पेपर वाचत होतो, लक्ष नव्हतं, असं मी स्वतःशी तरी म्हणत आलो. पेपर खाली पडला होता. मी बघत होतो. मला पोहता येत नाही, कधीच येत नव्हतं. दादा पळत गेला, दादाने उडी मारली, दादाने तिला आणून माझ्या मांडीवर ठेवलं. एकच टॉवेल होता. तो मी तिच्याभोवती आणि माझ्याभोवती गुंडाळला. तेवढ्यात कॅमेरावाला आला.

बातमी छापून आली तेव्हा पेपर घेऊन दादाकडे गेलो होतो, चूक झाली म्हणून सांगायला. त्याने वाचली, हसला, म्हणाला, "राहू दे रे. बापाचंच नाव शोभतं." मी राहू दिलं. पहिलं वर्षभर सांगताना लाज वाटायची. मग हळूहळू आठवायलाच लागलं. पाण्याचा गारवासुद्धा आठवायला लागला.

परत येताना मागची सीट कोरडी होती. चिंगी मध्ये पाय पसरून झोपली. मी पुढच्या आरशातून तीनदा पाहिलं. तिघीच होत्या. गाडी फार मोठी वाटली.

आत्ता हिने चहा आणून ठेवला. वहीत डोकावली नाही. जाता जाता म्हणाली, मला वाटायचं, तुम्ही कधीतरी आपणहून ते सांगायचं थांबाल.

२२ मे, बुधवार

कात्रण उतरवलं. भिंतीवर पांढरा चौकोन राहिलाय. आता खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरच्या सूचना वाचायला देतो. नंबर तोच निघतो.

४.२० लेकीचा फोन. इकडचं तिकडचं काही नाही, सरळ विचारलं.

"बाबा, तेव्हाही असंच झालं होतं का?"

मी म्हणालो, आवाज तुटतोय, आणि फोन बंद केला. रेंज पूर्ण होती.

४.३५ मी लावला आणि वाजायच्या आत कापला.

४.५० परत लावला. तिने उचलला. सांगितलं सगळं. खुर्ची, पेपर, टॉवेल. दोन दिवस मनात वाक्यं जुळवत होतो, त्यातलं एकही कामाला आलं नाही. माझं संपल्यावर म्हणाली, काका दर वाढदिवसाला मला म्हणायचे, पोरी, पोहायला शिक. मी म्हणायचे, कशाला, बाबा आहेत ना. यावर ते कधी काही बोलले नाहीत.

मग म्हणाली, चिंगीला नाचाच्या क्लासमधून आणायचंय, निघते. आवाजात राग नव्हता. रागावली असती तर बरं झालं असतं.

दुकान लवकर बंद केलं. बंद करताना उगाच म्हटलं, बसा, पाच मिनिटं. कोणी नव्हतं.

२६ मे, रविवार

वहिनींची माफी मागायला गेलो. चार पानं लिहून, ती परत सुवाच्य अक्षरात उतरवून घेतली होती. सुरुवात चांगली साधली होती, मध्ये दादाच्या स्वभावावर एक परिच्छेद, शेवट जरा जड. तिसऱ्या मजल्यापर्यंत चढताना दोनदा म्हणून पाहिली. डोळ्यांत पाणी कुठे येईल तेसुद्धा ठरलं होतं.

वहिनींनी दार उघडलं. खांद्याला पिशवी, पायांत बूट. पानं खिशातून निघेनात. उंबऱ्यातच म्हणालो, "वहिनी, त्या दिवशी मी खुर्चीतून उठलोसुद्धा नव्हतो."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "मी शेजारच्याच खुर्चीत होते."

पंचवीस वर्षं मी सांगत आलो आणि प्रत्येक वेळी त्यांना तिथून कुठेतरी पाठवून देत आलो. त्या पाच फुटांवर होत्या. मला माझ्या आठवणीत अजूनही ती खुर्ची रिकामीच दिसते.

वहिनींनी घड्याळ पाहिलं. म्हणाल्या, बस पकडायचीय, तळ्याला निघालेय. एकट्याच? तर म्हणाल्या, हो, आता दर रविवारी जाणार, ह्यांच्यामागे पोहणं उगाच सोडून दिलं होतं. मग अचानक आठवल्यासारखं विचारलं, पोहायच्या गॉगलला नंबर बसवून मिळतो का हो भावजी. परवा पाण्यात काही म्हणजे काही दिसत नव्हतं. पोरीच्या रडण्याच्या आवाजावर गेले.

म्हटलं, मिळतो की. कधी, म्हणाल्या. म्हटलं, शनिवारपर्यंत.

पानं पुढे केली. त्यांनी ती न उघडता पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात घातली, बसमध्ये वाचते म्हणाल्या, दाराला कुलूप लावलं आणि माझ्या आधी जिना उतरून गेल्यासुद्धा.

दुकानात आलो. दुपारपर्यंत सगळे कॅटलॉग काढून पाहिले. पोहायच्या गॉगलला नंबरच्या काचा कशा बसवतात ते मला माहीत नाही. काचांच्या ठोक व्यापाऱ्याला फोन लावला, रविवारचा उचलत नाही.

आणि वहिनींना शनिवार सांगून बसलोय.